‘वाया गेलेले’ गुणी खेळाडू : एक न संपणारा वाद

क्रिकेट पाहणाऱ्यांमध्ये काही वाद कधीच निकाली निघत नाहीत. शालेय किंवा १९ वर्षांखालील स्पर्धेत ज्याचा गाजावाजा झाला तो खेळाडू पुढे मोठा का झाला नाही, हा त्यांतला सर्वांत जुना वाद. सोलापुरात पार्क मैदानाच्या परिसरात हा विषय निघाला की दोन तट पडायला वेळ लागत नाही. एकाच्या मते पोराने हातची संधी घालवली. दुसऱ्याच्या मते निवड समितीने पोराचे नुकसान केले. या शहराला वादात रस असण्याचे कारणही आहे. भारताच्या वतीने कसोटी क्रिकेटमध्ये पहिले द्विशतक झळकावणारे पॉली उम्रीगर यांचे बालपण सोलापुरात गेले. त्यानंतरच्या दीर्घ काळात राष्ट्रीय पातळीवर सोलापूरचे नाव फारसे ऐकू आले नव्हते. ते पुन्हा ऐकू आले ते माळशिरस तालुक्यातील मिरे गावची किरण नवगिरे आणि सोलापूर शहराचा अर्शिन कुलकर्णी यांच्यामुळे. नाव झाले, त्यापाठोपाठ अपेक्षा आल्या आणि मागोमाग ‘पुढे काय?’ हा प्रश्नही आला.

‘अपेक्षाभंग’ हा एकच शब्द या वादात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. कोणाचे मोजमापच मुळात चुकलेले असते, कोणाला जागाच रिकामी नसते, कोणाला घाईने बाजूला केले जाते, तर कोणी स्वतःच्याच चुकीने मागे पडतो. हे सगळे एका शिक्क्याखाली आणले की वाद रंगतो खरा, पण खेळाडूवर अन्याय होतो. महाराष्ट्रात याची उदाहरणे शोधायला दूर जावे लागत नाही.

एका भागीदारीचे तीन वाटेकरी

फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शिल्डच्या उपान्त्य सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिरच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी सेंट झेवियर्स शाळेविरुद्ध ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. सचिनच्या नाबाद ३२६, तर विनोदच्या नाबाद ३४९ धावा झाल्या. नंतर गोलंदाजीतही कांबळीने ३७ धावांत ६ गडी टिपले. धावफलकच पाहायचा तर त्या सामन्याचा नायक कांबळी होता. आणि त्या दोघांनंतर फलंदाजीस यायचे म्हणून पॅड बांधून बसलेला, पण शेवटपर्यंत मैदानात उतरण्याची वेळच न आलेला मुलगा होता अमोल मुझुमदार.

या तिघांपैकी एकाची कथा सर्वांना पाठ आहे. उरलेल्या दोघांची नावे ‘अपेक्षा पूर्ण न करणाऱ्यां’च्या यादीत सर्रास शेजारी शेजारी घेतली जातात. वास्तविक दोन्ही प्रकरणांत साम्य फार थोडे आहे.

कांबळीने १९९३ च्या जानेवारीत कसोटी पदार्पण केले. पाठोपाठ मुंबईत इंग्लंडविरुद्ध २२४ आणि दिल्लीत झिम्बाब्वेविरुद्ध २२७, अशी दोन सलग द्विशतके झाली. त्याच वर्षी श्रीलंकेच्या दौऱ्यात आणखी दोन शतके आली. अवघ्या १४ डावांत त्याने कसोटीतील १,००० धावा ओलांडल्या. याहून कमी डावांत एकाही भारतीयाला हा टप्पा गाठता आलेला नाही. नंतर वेगवान माऱ्यापुढे, विशेषतः १९९४ च्या अखेरीस भारतात आलेल्या वेस्ट इंडीज संघासमोर, त्याची बॅट थंडावली. नोव्हेंबर १९९५ मध्ये कटक येथे न्यूझीलंडविरुद्ध तो शेवटची कसोटी खेळला तेव्हा त्याचे वय होते २३. हिशेब असा : १७ कसोटी, १,०८४ धावा, सरासरी ५४.२०. एकदिवसीय संघात तो २००० सालापर्यंत ये-जा करीत राहिला, १०४ सामने खेळला.

येथेच चाहत्यांमध्ये तंटा सुरू होतो. उसळता चेंडू खेळता येत नव्हता आणि शिस्त नव्हती, असे एक बाजू म्हणते. दुसरी बाजू ५४ ची सरासरी दाखवून विचारते, की इतकी धावसंख्या असलेल्या फलंदाजाला २३ व्या वर्षानंतर एकही कसोटी मिळू नये हे कोणत्या न्यायात बसते? दोन्ही बाजूंकडे पुरावा आहे, आणि म्हणूनच वाद मिटत नाही. मात्र त्याला ‘अपेक्षा पूर्ण न करणारा’ म्हणणाऱ्यांनी आपण त्याला कोणाशी तोलतो आहोत हे एकदा ठरवून घ्यावे. सहसा तराजूच्या दुसऱ्या पारड्यात शारदाश्रमचा तो जोडीदारच असतो. त्या पारड्याशी तुलना झाली तर जगातील जवळपास सगळेच फलंदाज हलके ठरतील.

मुझुमदारचे दुखणे निराळे. १९९४ मध्ये फरिदाबादला हरियाणाविरुद्ध रणजी पदार्पणातच त्याने २६० धावा केल्या. प्रथम श्रेणी पदार्पणातील हा विश्वविक्रम डिसेंबर २०१८ पर्यंत, म्हणजे मध्य प्रदेशच्या अजय रोहेराने नाबाद २६७ धावा करेपर्यंत टिकला. पुढे मुंबई, आसाम आणि आंध्रकडून मिळून १७१ सामने, ११,१६७ धावा आणि ३० शतके. भारताच्या कसोटी संघात मात्र एकदाही निवड नाही. त्याचा बहराचा काळ कोणता होता हे पाहिले की उत्तर सापडते. मधल्या फळीत तेंडुलकर आणि अझरुद्दीन आधीच होते. १९९६ च्या जूनमध्ये सौरव गांगुली आणि राहुल द्रविड आले, त्याच वर्षाच्या अखेरीस लक्ष्मण आला. जागा पाच आणि दावेदार दहा, अशा काळात जन्मणे हा काही खेळातला दोष म्हणता येत नाही.

मुझुमदारच्या कथेला नंतर वेगळेच वळण लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो भारतीय महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी नमवून त्या संघाने एकदिवसीय विश्वचषक जिंकला. त्या दिवसापासून कट्ट्यावरच्या यादीतून त्याचे नाव झटकन वगळले गेले. हेही गमतीचेच, कारण फलंदाज म्हणून त्याच्या नोंदीत त्या दिवशी एका धावेचीही भर पडली नव्हती.

महाराष्ट्राचे दोन नाबाद प्रश्न

सोलापूरचा खेळाडू मुंबईकडून नव्हे, महाराष्ट्राकडून खेळतो. राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन स्वतंत्र क्रिकेट संघटना आहेत, आणि सोलापूर जिल्हा पुण्यात मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येतो. मुंबईच्या मानाने या संघटनेच्या खेळाडूंची चर्चा वृत्तपत्रांत कमी होते, पण ‘जागाच मिळाली नाही’ याचे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्राच्याच खात्यावर आहे.

डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. डॉन ब्रॅडमन यांच्या नाबाद ४५२ या तेव्हाच्या विश्वविक्रमाची बरोबरी करण्यास फक्त ९ धावा हव्या होत्या. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झालेल्या असताना काठियावाडच्या कर्णधाराने सामना पुढे खेळण्यासच नकार दिला आणि निंबाळकर तेथेच थांबले. भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतील ही आजही सर्वोच्च धावसंख्या आहे. निंबाळकर एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत. २०१२ मध्ये कोल्हापूरला त्यांचे निधन झाले. पुढच्या पिढीत सुरेंद्र भावे यांनी महाराष्ट्राकडून सलामीला खेळताना जवळपास ८,००० प्रथम श्रेणी धावा ५८ च्या घरातील सरासरीने केल्या. भारतीय संघाचे दार त्यांनाही उघडले नाही.

निंबाळकरांना कोणी ‘वाया गेलेला’ म्हणत नाही. कारण त्यांच्याबद्दल अपेक्षाच कोणी जाहीरपणे बांधली नव्हती. दूरचित्रवाणी नव्हती, लिलाव नव्हता. अपेक्षाभंगाची तक्रार करण्यासाठी आधी अपेक्षेचा डांगोरा पिटलेला असावा लागतो.

एक हजार नऊ

असा डांगोरा कसा पिटला जातो आणि त्याखाली कोण दबतो, याचा धडा जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला मिळाला. १६ वर्षांखालील मुलांच्या आंतरशालेय भंडारी करंडक स्पर्धेत के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने आर्य गुरुकुल शाळेविरुद्ध नाबाद १,००९ धावा केल्या. चार आकडी वैयक्तिक धावसंख्या नोंदल्या गेलेल्या क्रिकेटमध्ये प्रथमच झाली होती. वडील रिक्षाचालक, मुलगा १५ वर्षांचा. दुसऱ्या दिवशी देशविदेशातील वार्ताहर दारात. मुंबई क्रिकेट संघटनेने पाच वर्षांसाठी दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली.

त्या गदारोळात सामन्याचा उरलेला धावफलक फार थोड्यांनी वाचला. आर्य गुरुकुलचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत संपले होते. के. सी. गांधी शाळेने ३ बाद १,४६५ धावांवर डाव घोषित केला होता. परीक्षेमुळे आर्य गुरुकुलचे नेहमीचे मोठे खेळाडू आले नव्हते आणि वयाने बरीच लहान मुले मैदानात उतरवली गेली होती. मैदानाची एक सीमारेषाही फार जवळ होती. एवढा वेळ लक्ष ढळू न देता खेळत राहणे हा पराक्रम आहेच. पण तो एकाग्रतेचा आणि दमसासाचा. पुढच्या पायरीवरच्या गोलंदाजीपुढे हा मुलगा काय करील, याबद्दल ते हजार आकडे काहीही सांगत नव्हते.

अपेक्षा मात्र हजाराच्या हिशेबाने वाढल्या. त्याच वर्षी पश्चिम विभागाच्या १६ वर्षांखालील संघात प्रणव नाही आणि अर्जुन तेंडुलकर आहे, यावरून भ्रमणध्वनीवरील संदेशांतून मोठी ओरड झाली. वशिलेबाजीचा आरोप क्षणात सर्वदूर पोहोचला. विभागीय संघ हा राज्य संघटनांच्या संघांतून खेळलेल्या मुलांमधून निवडला जातो आणि प्रणव मुंबईच्या १६ वर्षांखालील संघात नव्हता, ही साधी बाब त्या संदेशांत कोठेच नव्हती. पुढे धावा आटल्या. २०१७ मध्ये त्याच्या वडिलांनीच शिष्यवृत्ती थांबवावी अशी विनंती संघटनेला केली. क्रीडावार्तांमध्ये हे ‘अपयश’ म्हणून छापून आले. एका कुटुंबाने न कमावलेला पैसा नाकारला, असेही ते छापता आले असते.

प्रणवने मोडलेला विक्रम ११६ वर्षे जुना होता. १८९९ च्या जूनमध्ये इंग्लंडच्या क्लिफ्टन कॉलेजात ए. ई. जे. कॉलिन्स या १३ वर्षांच्या मुलाने शाळेच्या दोन गटांमधील सामन्यात नाबाद ६२८ धावा केल्या होत्या. कॉलिन्स पुढे सैन्यात गेला. प्रथम श्रेणीचा एकही सामना तो खेळला नाही, आणि पहिल्या महायुद्धात, नोव्हेंबर १९१४ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी ईप्रच्या लढाईत मारला गेला. शालेय विक्रम आणि पुढची कारकीर्द यांचे नाते किती सैल असते हे तेव्हाही दिसले होते.

सोलापूर ते पुणे

शालेय स्पर्धेतून वर जाण्याची वाट वाचकांच्या ध्यानात असावी. जिल्हा संघ, संघटनेची निमंत्रितांची साखळी स्पर्धा, मग राज्याचा १६ वर्षांखालील संघ. तेथून विजय मर्चंट करंडक, १९ वर्षांखालील गटात विनू मंकड आणि कूचबिहार करंडक, २३ वर्षांखालील गट आणि शेवटी रणजी. सोलापूरच्या मुलाला निवड चाचणीसाठी, सरावासाठी आणि पुढे राहण्यासाठीही अडीचशे किलोमीटरवरील पुणे गाठावे लागते. तो खर्च आणि शाळा बुडण्याचा हिशेब कोणत्याही धावफलकावर येत नाही.

या वाटेवर दोन फसवे दगड आहेत. पहिला वयाचा. वयोगटासाठी १ सप्टेंबर ही तारीख धरली जाते. म्हणजे सप्टेंबरात जन्मलेला मुलगा त्याच गटातील ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने थोराड असतो. १४-१५ व्या वर्षी हा फरक दंडात आणि खांद्यात दिसतो. २२ व्या वर्षी पुसला जातो. कॅनडातील आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा तपासताना हा परिणाम १९८० च्या दशकात अभ्यासकांच्या लक्षात आला होता आणि नंतर अनेक खेळांत तो आढळला. वयचोरीला आळा घालण्यासाठी १६ वर्षांखालील मुलांच्या हाडांची क्ष-किरण तपासणी सुरू झाली, तरी खऱ्या वयातल्या या अकरा महिन्यांवर तिच्याकडे इलाज नाही. लवकर वाढलेला मुलगा गोलंदाजांची पिसे काढतो, ‘पुढचा सचिन’ ठरतो, आणि बरोबरीचे वाढले की सामान्य दिसू लागतो. पोर बिघडले नाही, इतरांनी त्याला गाठले.

दुसरा दगड संख्येचा. रणजी करंडकात ३८ संघ खेळतात, म्हणजे एका वेळी मैदानावर ४१८ जागा. आयपीएलच्या १० संघांत प्रत्येकी जास्तीत जास्त २५ खेळाडू, त्यांतले ८ परदेशी असू शकतात. भारताच्या कसोटी संघात अकरा. देशभरच्या वयोगट स्पर्धांत दरवर्षी चमकणारी मुले या आकड्यांशी ताडून पाहिली, की बहुतेकांचे ‘अपयश’ अंकगणितात आधीच लिहिलेले असते.

बोली आणि तारे

अमेरिकेत हाच वाद महाविद्यालयीन बास्केटबॉलवरून चालतो. तेथे शाळकरी खेळाडूंना पाच ताऱ्यांपर्यंत मानांकन देतात, मोठी विद्यापीठे त्यांना शिष्यवृत्ती देऊन आपल्याकडे ओढतात, आणि दीड-दोन वर्षांत तो चमकला नाही की त्याच विद्यापीठाचे चाहते त्याच्या नावाने बोटे मोडतात. एनबीएच्या २००६ पासून लागू झालेल्या नियमामुळे शाळेतून थेट व्यावसायिक संघात जाता येत नाही. त्यामुळे कित्येक पंचतारांकित खेळाडू विद्यापीठात एकच हंगाम काढतात आणि त्या एका हंगामावर त्यांचा निवाडा होतो. उलट स्टीफन करीला नामांकित विद्यापीठांनी विचारलेही नव्हते. डेव्हिडसन या छोट्या महाविद्यालयातून तो वर आला. पंजाबचा सतनाम सिंग २०१५ मध्ये एनबीएच्या निवडप्रक्रियेत ५२ व्या क्रमांकावर निवडला गेलेला पहिला भारतीय ठरला, तेव्हा भारतात केवढा जल्लोष झाला होता. एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. पुढे तो अमेरिकेतच व्यावसायिक कुस्तीकडे वळला.

आपल्याकडे ताऱ्यांचे काम २००८ पासून आयपीएलची बोली करते. बोलीने अपेक्षेला रुपयांत मोजता येऊ लागले. २०१२ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नाबाद १११ धावा करणारा कर्णधार उन्मुक्त चंद भारताकडून कधीच खेळला नाही आणि २०२१ मध्ये अमेरिकेला गेला. त्याला विकत घेणारे संघ होते, जाहिराती होत्या. वेळ मात्र कोणीच देऊ केला नाही.

पृथ्वी शॉ याच्याबाबत मात्र निवड समितीकडे बोट दाखवणे कठीण आहे. २०१३ मध्ये हॅरिस शिल्डमध्ये ५४६, २०१८ मध्ये १९ वर्षांखालील विश्वविजेत्या संघाचे नेतृत्व, त्याच वर्षी राजकोटला कसोटी पदार्पणात १३४. संधी लवकर आणि सन्मानाने मिळाली. २०१९ मध्ये खोकल्याच्या औषधातील प्रतिबंधित द्रव्यामुळे आठ महिन्यांची बंदी आली. २०२० च्या डिसेंबरमध्ये ॲडलेडला ० आणि ४ धावांवर पाचवी कसोटी संपली, त्यानंतर सहावी मिळाली नाही. जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध ३७९ धावा करून रणजीच्या इतिहासात निंबाळकरांखालोखाल दुसरे स्थान त्याने मिळवले. तरीही २०२४ च्या लिलावात त्याच्यावर कोणी बोली लावली नाही आणि तंदुरुस्तीच्या मुद्द्यावर त्याला मुंबईच्या रणजी संघातून वगळल्याच्या बातम्या आल्या. २०२५ मध्ये तो महाराष्ट्राकडे आला. चंडीगडविरुद्ध १५६ चेंडूंत २२२ धावा, आणि डिसेंबरच्या लिलावात दिल्लीकडून ७५ लाखांची बोली. ‘संपला’ असा निकाल देणाऱ्यांना आणि ‘परत येतो की नाही बघा’ म्हणणाऱ्यांना, दोघांनाही त्याच्या आकड्यांत हवे ते सापडते.

अर्शिन कुलकर्णीबद्दलचा निकाल तर अजून लिहिण्याजोगाही नाही. २०२३ च्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमधील शतकाने तो प्रकाशात आला. डिसेंबर २०२३ मध्ये लखनौ संघाने २० लाखांना घेतले, महिनाभरात १९ वर्षांखालील विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध १०८ धावा झाल्या. आयपीएलच्या पहिल्या मोजक्या सामन्यांत धावा झाल्या नाहीत तोच कुजबुज सुरू झाली. जानेवारी २०२५ मध्ये विजय हजारे करंडकाच्या उपान्त्यपूर्व सामन्यात पंजाबविरुद्ध त्याने १०७ धावा करून महाराष्ट्राला पुढे नेले, तेव्हा वयाची वीस वर्षेही पूर्ण झालेली नव्हती.

किरण नवगिरे हिच्यावर मात्र शिक्का मारून झाला होता. भालाफेक आणि मैदानी स्पर्धांतून क्रिकेटकडे आलेल्या या मुलीने एप्रिल २०२२ मध्ये नागालँडकडून अरुणाचल प्रदेशविरुद्ध नाबाद १६२ धावा केल्या. टी-२० मध्ये दीडशेचा टप्पा ओलांडणारी ती पहिली भारतीय, पुरुषांतही तोवर कोणी नाही. महिनाभराने महिलांच्या टी-२० चॅलेंजमध्ये २५ चेंडूंत अर्धशतक, सप्टेंबरात इंग्लंडमध्ये भारताकडून पदार्पण, आणि त्याच वर्षाच्या आशिया चषकानंतर संघाबाहेर. नागालँडची धावसंख्या दुबळ्या गोलंदाजीवरची होती, असे तेव्हा सांगितले गेले, आणि ते अगदीच चूक नव्हते. पण तिचा खेळच असा, की पहिल्या चेंडूपासून उचलून मारायचे. सहा सामन्यांत असा फलंदाज शून्यावर किती वेळा बाद होतो हे मोजून हाती काही लागत नाही. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नागपुरात, महाराष्ट्राकडून खेळताना पंजाबच्या गोलंदाजांविरुद्ध तिने ३४ चेंडूंत शतक पूर्ण केले. महिलांच्या टी-२० क्रिकेटमधील ते जगातील सर्वांत वेगवान शतक ठरले. आधीचा विक्रम न्यूझीलंडच्या सोफी डिव्हाइनच्या नावे होता, ३६ चेंडूंचा.